हवेचा माग



मघाशी या सभागृहाकडे येताना गल्लीत माग चालू होते. इचलकरंजीचा माणूस परगावी गेला तरी जरा मोठ्यानेच बोलतो. ही सवय कुठून लागते ते तुम्हाला सांगायला नको. म्हणून मीही एका मागापासूनच सुरुवात करतो. हा माग लंडनमध्ये होता, दोनशे वर्षांपूर्वी. त्याचा पत्ता फक्त एका माणसाला माहीत होता आणि तो माणूस वेड्यांच्या इस्पितळात कोंडलेला होता.

जेम्स टिली मॅथ्यूज हा चहाचा दलाल. फ्रान्समध्ये राज्यक्रांतीचा वणवा पेटलेला असताना हा गृहस्थ दोन देशांत समेट घडवायला पॅरिसला गेला. तिथल्या जहाल क्रांतिकारकांनी त्याला हेर समजून तुरुंगात टाकलं. तीन वर्षांनी सुटून तो लंडनला परतला आणि १७९६च्या डिसेंबरात पार्लमेंटच्या प्रेक्षक-सज्जातून एका मंत्र्यावर देशद्रोहाचा आरोप करत ओरडला. पुढच्याच महिन्यात त्याची रवानगी बेथलेमच्या इस्पितळात झाली.

त्याचं म्हणणं असं. शहराच्या जुन्या तटबंदीजवळ एका तळघरात सात जणांची टोळी लपली आहे. त्यांच्याकडे एक यंत्र आहे, हवेचा माग. पिंपांत भरलेल्या कुजक्या, घाणेरड्या द्रव्यांच्या वाफेवर तो चालतो आणि त्यातून निघणारे चुंबकी झोत दूरवरच्या माणसाचं शरीर आणि मन विणून काढतात. टोळीतल्या माणसांची नावं, स्वभाव, कपडे हे सगळं त्याला ठाऊक होतं. त्यातली एक बाई हातमोजे घालून यंत्र चालवायची. ती या कामात सर्वांत तरबेज आणि कधीच तोंड न उघडणारी. छळाच्या प्रकारांनाही नावं होती. एकाचं नाव ‘पतंग उडवणं’. पोरं आकाशात पतंग चढवतात तसा ही माणसं डोक्यात एखादा विचार चढवतात आणि तो तासन्‌तास तिथेच तरंगत राहतो. दुसरा काही विचार करू म्हटलं तरी करता येत नाही. हे वर्णन मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुस्तक मिटून ठेवलं होतं. कारण हेच, जवळपास याच शब्दांत, आदल्या आठवड्यात बाह्यरुग्ण विभागात मी ऐकलं होतं. सांगणाऱ्याने पतंगाऐवजी मोबाइलचा टॉवर म्हटलं होतं, एवढाच फरक.

१८०९ साली मॅथ्यूजच्या नातलगांनी त्याला सोडवायला न्यायालयाची वाट धरली. बाहेरच्या दोन डॉक्टरांनी त्याला तपासून तो शहाणा असल्याचा निर्वाळा दिला. बेथलेमचा औषधी-अधिकारी जॉन हॅस्लम त्यामुळे भडकला आणि मॅथ्यूज किती वेडा आहे हे जगाला दाखवायला त्याने १८१०मध्ये एक पुस्तकच छापलं. एकाच मनोरुग्णावर लिहिलेलं हे बहुधा पहिलं स्वतंत्र पुस्तक असावं. रागाच्या भरात लिहिलेल्या त्या पुस्तकाने आमच्या मनोविकारशास्त्राला केवढं भांडवल पुरवलं! त्यात मॅथ्यूजने स्वतः काढलेलं यंत्राचं चित्रही आहे, सुबक, मोजूनमापून काढलेलं.

आता जरा त्या काळाकडे पाहा. हवेत निरनिराळे वायू असतात हे नुकतंच कळलेलं. मेस्मर नावाच्या डॉक्टरच्या ‘प्राणिज चुंबकत्वा’ची चर्चा पॅरिसच्या दिवाणखान्यांतून चाललेली. इंग्लंडात यांत्रिक माग आलेले. हेर, कट, गुप्त वाटाघाटी यांना ऊत आलेला आणि मॅथ्यूज त्यातल्या काहींत खरोखरच गुंतलेला. म्हणजे त्याच्या यंत्राचा एकेक सुटा भाग त्याच्या काळाच्या बाजारात मिळत होता. त्याने फक्त जोडणी केली. आपल्या औद्योगिक वसाहतीत आज धोट्याशिवाय, हवेच्या झोताने बाणा फेकणारे एअरजेट माग चालतात. मॅथ्यूजला ते दाखवले असते तर ‘मी काय सांगत होतो?’ असं तो नक्की म्हणाला असता.

१९१९मध्ये व्हिएन्नाच्या व्हिक्टर टाउस्क यांनी अशा ‘प्रभाव टाकणाऱ्या यंत्रां’वर निबंध लिहिला, तोवर त्यात विजेच्या तारा आणि किरण आले होते. माझ्या उमेदवारीच्या काळात आपल्या भागातला रुग्ण ‘भावकीनं करणी केली’ म्हणत यायचा. आता तो ‘फोन हॅक केलाय, पंख्यात कॅमेरा आहे’ असं म्हणतो. दोन्ही म्हणणारेही भेटतात, करणी आणि कॅमेरा एकाच वाक्यात. इथे एक गोष्ट स्पष्ट करतो, नाहीतर उद्या कुणी माझ्या दवाखान्यात भांडायला येईल. करणीवर विश्वास ठेवणारी म्हातारी मनोरुग्ण नसते. तिची समजूत चुकीची आहे, पण ती तिला आजूबाजूच्या माणसांकडून मिळालेली आहे, चारचौघांत वाटलेली आहे. आम्ही ज्याला भ्रम म्हणतो तो माणसाला एकटं पाडतो. घरच्यांनाही तो पटत नाही, आणि करणी मानणारी ती म्हातारीसुद्धा म्हणते, “आमच्यात असलं काही नाही हो, हे ह्याच्याच डोक्यातलं आहे.” आणखी एक. आम्ही ‘भास’ आणि ‘भ्रम’ वेगळे धरतो. कुणी नसताना आवाज ऐकू येणं हा भास. तो आवाज शेजाऱ्याने भिंतीत बसवलेल्या यंत्रातून येतो, अशी ठाम समजूत म्हणजे भ्रम.

भ्रमात काय भरलेलं असतं हे त्या माणसाच्या काळावर, घरादारावर, भोगलेल्या दुःखांवर ठरतं. पण तो माग मुळात सुरू का होतो?

सांगली-कोल्हापूरकडच्या रुग्णांपैकी एकाची कहाणी सांगतो. खरं तर दोन-तीन जणांच्या कहाण्या एकीत मिसळल्या आहेत आणि ओळख पटेल असं सगळं बदललं आहे. सायझिंगमधल्या एका दिवाणजींचा मुलगा, तेवीस-चोवीस वर्षांचा. महिनाभर त्याला वाटत होतं की काहीतरी शिजतंय. काय ते सांगता येत नव्हतं. चहाच्या टपरीवर लोक हसले की त्या हसण्यात काहीतरी असायचं. घरातली भांडी नेहमीच्याच जागी होती, पण ‘मुद्दाम ठेवल्यासारखी’. झोप उडाली. आईने विचारलं तर म्हणायचा, “तुला माहीत आहेच की.” एके दिवशी सकाळी देवळासमोर एक पांढरी स्कूटर मधल्या स्टँडवर उभी होती, हँडल त्याच्या दिशेने वळलेलं. नंबरातले शेवटचे दोन आकडे त्याच्या जन्मसालाचे. आणि त्याला ‘कळलं’. गावात त्याच्यावर नजर ठेवली जात होती, महिनाभराचं सगळं त्यासाठीच चाललेलं होतं. मला सांगताना तो म्हणाला, “डॉक्टर, त्या क्षणी मला इतकं हलकं वाटलं.”

हे हलकं वाटणं मला फार महत्त्वाचं वाटतं.

जर्मन मनोचिकित्सक आणि पुढे तत्त्वज्ञ झालेले कार्ल यास्पर्स यांनी १९१३च्या आपल्या ग्रंथात भ्रम जमण्यापूर्वीच्या या कोंदट हवेचं वर्णन केलं आहे. वस्तू त्याच असतात, दिसतातही तशाच, पण त्यांच्यावर एक अनोळखी, अशुभ उजेड पडलेला असतो. दुसऱ्या महायुद्धात लष्करी इस्पितळात आलेल्या तरुण सैनिकांच्या तपशीलवार नोंदी क्लाउस कॉनराड यांनी ठेवल्या आणि १९५८मध्ये त्यांवर पुस्तक लिहिलं. या पहिल्या अवस्थेला त्यांनी नाव दिलं ते नटांच्या बोलीतलं, रंगमंचावर जाण्याआधीच्या धडधडीचं. आपल्याकडे नाटक पाहणाऱ्याला वेगळं समजवावं लागणार नाही. तिसरी घंटा झाली आहे, दिवे गेले आहेत, पडदा अजून उघडलेला नाही. प्रेक्षक असाल तर मजा आहे. पण आपण रंगमंचावर आहोत, नाटक कोणतं ते माहीत नाही आणि आपल्याला सोडून सगळ्यांची भाषणं पाठ आहेत, अशी कल्पना करा. महिनाभर. मग पडदा उघडतो. जे दिसतं ते भयंकर असेल, पण निदान काहीतरी दिसतं. कॉनराड यांनी या दुसऱ्या अवस्थेला प्रकट होण्याचं नाव दिलं. मुलाला स्कूटरपाशी हलकं वाटलं ते यामुळे. भ्रम हा त्याच्यापुरता प्रश्न नव्हताच, ते उत्तर होतं. प्रश्न महिनाभर आधी सुरू झालेला होता. आपण तो ऐकलाच नाही.

असं पूर्वी कुणी म्हटलं नव्हतं असं नाही. ड्रेस्डेनच्या वरिष्ठ न्यायालयातले न्यायाधीश डॅनिएल पॉल श्रेबर यांनी आपल्या आजाराच्या आठवणी १९०३मध्ये प्रसिद्ध केल्या. त्या वाचून १९११मध्ये फ्रॉइडने लिहिलं की आपण ज्याला आजार समजतो तो भ्रम हा खरं तर सावरण्याचा, मोडलेलं जग पुन्हा उभारण्याचा प्रयत्न असतो. ते जग मोडण्याचं जे कारण फ्रॉइडने दिलं ते मला पटत नाही. मात्र हे एक वाक्य त्याच्या सगळ्या सिद्धांताहून अधिक टिकलं.

आपल्या परंपरेत भ्रमाचा दाखला म्हटलं की दोरीवरचा साप येतो. अंधारात दोरी पाहिली, साप वाटला, दिवा आणला, साप गेला. तत्त्वज्ञानासाठी दाखला उत्तम आहे, आमच्या वॉर्डात मात्र चालत नाही. तिथे दिवा आणणाराच सापवाल्याला सामील असतो.

हे मी स्वतःच्या फजितीतून शिकलो. शिकाऊ डॉक्टर होतो. वॉर्डात एक बाई जेवत नव्हत्या, जेवणात विष आहे म्हणून. मी दोन दिवस त्यांच्याशी वाद घातला, तिसऱ्या दिवशी त्यांच्या ताटातली भाकरी मोडून आमटीशी त्यांच्यासमोर खाल्ली. मनातून फार खूश होतो. बाईंनी शांतपणे पाहिलं आणि म्हणाल्या, “तुम्हाला उतारा दिलेला असणार, डॉक्टर.” शेजारच्या खाटेवरची पेशंटसुद्धा हसली. मला शिकवणाऱ्या सरांना हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, बाईचा तर्क तुझ्यापेक्षा चांगला आहे. आणि तो होताच. विष आहे हे एकदा धरलं की माझ्या जिवंत राहण्याचा तेवढाच अर्थ निघत होता. तर्क बिघडल्यामुळे भ्रम होतो ही आपली आवडती समजूत आहे, पण त्या बाईंचा तर्क धडधाकट होता. त्यांच्या तर्काला मिळणारा माल वेगळा होता.

माल वेगळा म्हणजे काय, हे एका विलक्षण भ्रमात सर्वांत स्वच्छ दिसतं. १९२३मध्ये पॅरिसच्या जोसेफ काप्ग्रा यांनी एका स्त्रीची हकिगत छापली. तिच्या मते तिचा नवरा आणि मुलं नाहीशी झाली होती आणि त्यांच्या जागी हुबेहूब तशीच दिसणारी तोतया माणसं आणून ठेवलेली होती. अनेक वर्षं याचे भावनिक अर्थ लावले गेले. मग १९९०च्या सुमारास हेडन एलिस आणि अँडी यंग या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञांनी एक साधी कल्पना मांडली. ओळखीचा चेहरा पाहिल्यावर मेंदूत दोन गोष्टी होतात. ‘ही माझी आई’ ही ओळख एका वाटेने येते आणि आई दिसल्यावर आत जी ऊब येते ती दुसऱ्या वाटेने. ही ऊब आपल्याला जाणवतही नाही, पण तळहाताला येणाऱ्या अगदी सूक्ष्म घामावरून ती मोजता येते. या रुग्णांत पहिली वाट शाबूत आणि दुसरी बंद असेल तर? आई दिसते, आईच दिसते, पण आत काहीच हलत नाही. १९९७मध्ये मोजमापं झाली आणि तसंच निघालं. या रुग्णांच्या तळहातांना ओळखीचा आणि अनोळखी चेहरा सारखाच. त्याच वर्षी व्ही. एस. रामचंद्रन आणि विल्यम हर्स्टीन यांनी एका रुग्णाची हकिगत दिली. अपघातात डोक्याला मार लागल्यावर तो समोरच्या आईवडिलांना तोतये म्हणायचा आणि फोनवर मात्र त्यांना सहज ओळखायचा. कानाची वाट उघडी होती.

आता तुम्ही म्हणाल, झालं की, उलगडलं. नाही झालं. मेंदूच्या पुढच्या भागाला इजा झालेल्या काही माणसांचे तळहातही ओळखीच्या चेहऱ्याला प्रतिसाद देत नाहीत. पण ती बायकोला तोतया म्हणत नाहीत, बायकोच म्हणतात. मग ऑस्ट्रेलियाचे मॅक्स कोल्टहार्ट आणि त्यांचे सहकारी म्हणाले, दोन गोष्टी बिघडाव्या लागतात. पहिल्या बिघाडातून विचित्र अनुभव येतो, ‘ही आई वाटत नाही’. दुसरा बिघाड तपासणीतला. मनात आलेली ती शंका ‘छे, असं कसं होईल’ म्हणून जी यंत्रणा परत पाठवते तीच ढिली पडलेली असते. कापड तपासणाऱ्याला डुलकी लागली की डाग असलेला तागा शिक्का मारून बाहेर पडतो. तसंच हे. हा दुसरा बिघाड नेमका कशात आहे यावर मात्र बरीच भांडणं आहेत. १९८८मध्ये लंडनला मण्यांच्या बरण्यांचा एक प्रयोग झाला. एका बरणीत १०० पैकी ८५ मणी एका रंगाचे, दुसरीत उलट. एकेक मणी दाखवायचा आणि कोणत्या बरणीतून काढला ते ओळखायला सांगायचं. भ्रम असलेले अनेक रुग्ण दोन-तीन मण्यांतच निकाल देऊन मोकळे झाले. प्रयोग गाजला. मी त्यावर फार भार टाकत नाही. पुराव्याआधी निकाल देणारी भरपूर निरोगी माणसं मला रोज भेटतात, त्यांतली काही निवडूनही येतात.

काप्ग्राच्या रुग्णांत बिघाड एका चेहऱ्यापुरता, एका वाटेपुरता होता. स्किझोफ्रेनियात तो पसरलेला असतो. स्कूटर, भांडी, हसू, सगळंच एकाएकी अर्थाने जड होतं. तिथे डोपामिनची गोष्ट येते.

वोल्फ्राम शुल्ट्झ यांनी माकडांच्या मेंदूतल्या डोपामिन पेशींचं काम पेशीगणिक ऐकलं. अचानक फळांचा रस मिळाला की या पेशी जोरात पेटत. रसाआधी दिवा लागतो हे माकडाला कळलं की पेशी दिव्यालाच पेटत आणि रस आला तरी गप्प. दिवा लागला आणि रस आलाच नाही तर त्यांची नेहमीची टिकटिकही थांबे. म्हणजे डोपामिन हे सुखाचं रसायन नाही, वर्तमानपत्रं काहीही छापोत. अपेक्षेत आणि घडण्यात फरक पडला की ‘इकडे लक्ष दे, यात काहीतरी आहे’ असं मेंदूला सांगणारी ती हाक आहे. शितिज कपूर यांनी २००३मध्ये एक निबंध लिहून हे धागे गुंफले. मनोविकारात ही हाक कारण नसताना, भलत्या वेळी वाजू लागते. समोर जे असेल त्यावर शिक्का बसतो: महत्त्वाचं. स्कूटरवर, नंबरावर, आईने उलट्या ठेवलेल्या वाटीवर. मन या खोट्या हाकांचा हिशेब लावायला बसतं आणि जो हिशेब जुळतो तो भ्रम. ॲम्फेटॅमिनच्या नशेने मेंदूत डोपामिन वाढतं आणि ते फार घेणाऱ्यांत हुबेहूब असेच संशय उद्भवतात, हे १९५०च्या दशकातच दिसलं होतं.

उपचाराकडून पाहिलं तरी धागा तिथेच पोहोचतो, आणि त्याचं एक टोक आपल्या देशात आहे. १९३१मध्ये कोलकात्याच्या गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस या डॉक्टरांनी सर्पगंधेच्या मुळीचा रक्तदाबावर आणि वेडावर गुण येतो, हे छापील स्वरूपात मांडलं. गावोगावचे वैद्य ती मुळी आधीपासून देत होतेच. १९५२मध्ये तिच्यातून रेसर्पिन वेगळं काढलं गेलं. त्याच वर्षी पॅरिसमध्ये क्लोरप्रोमाझिनने मनोरुग्णांच्या वॉर्डातला कोलाहल उतरला. पुढे स्वीडनच्या आर्विद कार्लसन यांनी दाखवलं की रेसर्पिन मेंदूतला डोपामिनचा साठा रिकामा करतं. क्लोरप्रोमाझिन आणि त्याच्या जातीची औषधं डोपामिनची हाक जिथे ऐकली जाते त्या जागाच अडवतात, हेही कळलं. एकाने कोठार रिकामं केलं, दुसऱ्याने दारं लावली.

पण औषध भ्रम पुसत नाही. ते हाक खाली आणतं, एवढंच. जुळवलेला हिशेब वहीत तसाच राहतो. म्हणून आठ-पंधरा दिवसांत रुग्ण शांत झोपू लागतो, भीती उतरते, आणि घरचे विचारतात, ‘बरा झाला ना?’ आणि तो म्हणतो, “नजर ठेवतात अजून. पण जाऊ दे.” हे ‘जाऊ दे’ म्हणजे आमच्या दृष्टीने मोठी मजल असते. समजूत जायला महिने लागतात. काहींची जातच नाही, ती फक्त घरातल्या जुन्या, नको असलेल्या कपाटासारखी कोपऱ्यात पडून राहते.

सगळे भ्रम असेच जमतात असं मात्र समजू नका. खोल नैराश्यातला माणूस ‘माझी आतडी कुजली, मी मेलोच आहे’ म्हणतो. १८८०मध्ये ज्यूल कोटार यांनी असं म्हणणाऱ्या स्त्रीची हकिगत दिली. तिथे मनाचा रंगच आधी काळा झालेला असतो आणि भ्रम त्याला साजेसा येतो. आणि बायकोवर संशय घेणाऱ्या नवऱ्याचा भ्रम हा तर न्यारा प्रकार. त्याचा संशय योगायोगाने खरा ठरला तरी तो भ्रमच राहतो. त्याने पुरावा म्हणून काय धरलं? दारातल्या चपलेची दिशा.

त्या स्कूटरवाल्या मुलाच्या आईने मला विचारलं होतं, “साहेब, हो म्हणावं तर पाप, नाही म्हणावं तर भांडण. आम्ही म्हणायचं तरी काय?” नरसोबाच्या वाडीला त्या आधी जाऊन आल्या होत्या. मला त्याचा राग आला नाही. त्याही आपल्या परीने अर्थच शोधत होत्या. फक्त माझ्याकडे यायला त्यामुळे चार महिने उशीर झाला, आणि ते चार महिने महागात पडले. मी म्हणालो, स्कूटरबद्दल बोलूच नका. त्याला झोप लागली का विचारा. भीती वाटते का विचारा. भीती खरी आहे, तिला हो म्हणायला पाप लागत नाही.

दोन वर्षांनी तो एकटाच आला, गोळ्या लिहून घ्यायला. कापडाच्या दुकानात कामाला लागला होता, तब्येत भरली होती. स्कूटरचा विषय त्यानेच काढला. नंबर अजून पाठ होता. “आता तो नुसता नंबर आहे,” म्हणाला. मी लिहीत होतो. लिहिता लिहिता विचारलं, मग आता बरं वाटतंय ना?

तो जरा वेळ खिडकीबाहेर बघत राहिला.

“शांत वाटतंय,” तो म्हणाला. “तवा सगळं गाव माझ्याकडं बघत होतं, डॉक्टर. आता कोण बघत बी नाही.”